‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. आमच्या विदर्भात कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग तिथे एकही सिस्टर नसली तरी चालते. पण माझी शाळा खरोखरच सिस्टर लोकांची होती. मराठी मी घरात शिकले, वर्गात नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळानं सांभाळून घ्याव्यात. हा लेख मॅगझिनच्या इंग्रजी विभागात सहज देता आला असता. दिला नाही, कारण ज्या चुकीबद्दल लिहायचंय ती चूक माझ्या इंग्रजीनंच केली.

आमचं घर मौद्याचं. नागपूरहून भंडारा रोडनं निघालात की लांबून एनटीपीसीच्या चिमण्या दिसतात, तो भाग. बाबा तिथे एका कंत्राटदाराकडे एनडीटीचं काम करतात, म्हणजे बॉयलरच्या ट्यूब, पाइप, त्यांची वेल्डिंग न कापता तपासायची. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, धानाची शेती करतात. घरं दोन, अंगण एक. मागच्या वर्षी पावसाळ्यात मोठे बाबांना संडासातून रक्त जायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून दोन महिने पुडी चालली. मग वजन उतरलं, तेव्हा दादानं (मोठे बाबांचा मुलगा) जबरदस्तीनं नागपूरला नेलं. दुर्बिणीतून तपासणी झाली आणि मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि चिठ्ठीवर पुढचा सीटी स्कॅन लिहून दिला.

सोनोग्राफीचा रिपोर्ट दादानं मला होस्टेलवर पाठवला. घरात इंग्रजी वाचणारी मीच ना! लिव्हरबद्दल एकच ओळ होती : नो फोकल लिजन सीन. फोनवर अख्खं घर. मी ऐटीत सांगितलं, ‘‘लिव्हरमध्ये काही नाही. पसरलेलं नाहीये.’’ पलीकडे मोठीआई रडायला लागली, आनंदानं. मोठे बाबा म्हणाले, ‘‘पोरगी शिकली त्याचं चीज झालं. मंग धान कापून घेऊ अन् मंगच जाऊ सीटीले.’’

आणि खरंच पाच आठवडे गेले. धान कापून झालं, मळणी झाली, मग सीटी झाला. लिव्हरच्या उजव्या भागात १८ मिलिमीटरची गाठ.

त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ होता ‘गाठ दिसली नाही’. मी मराठीत सांगितलं ‘गाठ नाही’. एका क्रियापदाचा फरक. तीन वर्षं सिग्नल, नॉइज, थ्रेशोल्ड, फॉल्स निगेटिव्ह पाठ करणारी मुलगी मी, आणि घरचा रिपोर्ट हातात आला तेव्हा यातलं एक अक्षर आठवलं नाही. ही चूक सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांची नव्हती. त्यांना जे दिसलं नाही ते त्यांनी दिसलं नाही असंच लिहिलं होतं.

बाबांना हे सगळ्यात आधी कळलं, आणि त्यांना इंग्रजी येत नाही. सीटीच्या दिवशी सर्जन समजावून सांगत होते, तेव्हा बाबांनी मध्येच विचारलं, ‘‘साहेब, पहिल्या मशीनले किती एमेमपर्यंत दिसते?’’ सर्जन जरा थांबले. म्हणाले, ‘‘हा प्रश्न मला आजपर्यंत कोणी पेशंटनं विचारला नाही.’’

बाबांचं काम काय असतं ते सांगते. पाइपवर ऑइल किंवा ग्रीस लावायचं, अल्ट्रासॉनिक प्रोब टेकवायचा, आवाज लोखंडात जातो, आत चीर असेल तर तिथून परत येतो, स्क्रीनवर उभी रेघ उठते. पण त्याआधी रोज एक विधी असतो. व्ही-वन नावाचा स्टीलचा ठोकळा असतो, त्यात १.५ मिमीचं एक भोक पाडलेलं असतं. आधी प्रोबला ते माहीत असलेलं भोक दाखवायचं. मशीनला ठोकळ्यातलं भोक दिसत नसेल, तर पाइपमधल्या चिरेबद्दल तिनं बोलायचंच नाही. रिपोर्टमध्ये प्रोब किती मेगाहर्ट्झचा, कोणत्या ठोकळ्यावर कॅलिब्रेशन, गेन किती, सगळं आधी लिहायचं. आणि शेवटी? ‘चीर नाही’ असं बाबांनी आयुष्यात कधी लिहिलेलं नाही. लिहितात : नो रेकॉर्डेबल इंडिकेशन. नोंद घेण्याजोगी खूण मिळाली नाही, बस्स! बॉयलर फुटला तर माणसं मरतात, म्हणून लोखंडाच्या बाबतीत इतकी भाषा सांभाळतात.

आता यातली गंमत अशी, की लोखंड तपासणारं मशीन आणि पोट तपासणारं मशीन ही सख्खी भावंडं आहेत. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड २१ जुलै १९५५ ला बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत गेले. गाडीच्या डिकीत ऑपरेशन करून काढलेल्या गाठी! कंपनीतल्या लोकांनी तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. वेल्डिंग तपासायच्या फ्लॉ डिटेक्टरचा प्रोब त्या गाठींवर लावला, आणि पाण्यानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ स्क्रीनवर वेगवेगळ्या दिसल्या. पुढे टॉम ब्राउन नावाचा विशी-पंचविशीतला इंजिनिअर त्यांना येऊन मिळाला, त्यानं यंत्र बांधलं, आणि १९५८ मध्ये त्यांचा पेपर ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्या पेपरवर दोन डॉक्टरांच्या बरोबरीनं त्या इंजिनिअरचं नाव आहे. प्रोजेक्टच्या नावाखाली दरवर्षी लाइन फॉलोअर रोबोट विकत आणणाऱ्या आमच्या वर्गानं (मीही त्यातलीच) हे एकदा वाचावं.

मी आणि माझ्या रूम पार्टनरनं मेसच्या पातेल्यात चायना ग्रास शिजवून एक ठोकळा बनवला. त्यात एका थरात भिजवलेले चणे, एका थरात भिजवलेला साबुदाणा. मेकॅनिकलच्या लॅबमधल्या फ्लॉ डिटेक्टरवर, सरांच्या परवानगीनं, तपासला. चणा दिसला. साबुदाणा अजिबात नाही. आम्हाला आधी वाटलं साबुदाणा लहान म्हणून दिसला नाही. मग मोठ्या साबुदाण्याची गोळी करून टाकली, चण्यापेक्षा मोठी. तरी नाही! कारण तो भिजला की आजूबाजूच्या जेलसारखाच होतो. आवाजाला दोन्हीत फरकच कळत नाही, मग तो परत कशाला येईल? फक्त आकारावर दिसणं ठरत नाही, शेजाऱ्यापेक्षा किती वेगळं आहे त्यावर ठरतं. मेसच्या काकूंनी मात्र पातेलं आम्हाला परत कधी दिलं नाही.

लिव्हरचं असंच आहे. हिशेब करून बघा. शरीराच्या मऊ भागात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. पोटावरच्या सोनोग्राफीचा प्रोब साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा. ३.५ धरला तर तरंगलांबी येते ०.४४ मिमी. म्हणजे कागदावर ६ मिमीची गाठ आरामात दिसायला हवी. पण वाटेत चरबी आहे, बरगड्या आहेत, आतड्यातला वायू आहे. आवाज दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झला अंदाजे अर्धा डेसिबल मरतो. बारा सेंटीमीटर खोल जाऊन परत यायचं तर ३.५ मेगाहर्ट्झला ४२ डेसिबल गेले. जास्त बारीक दिसावं म्हणून ७.५ चा प्रोब पोटावर लावाल तर ९० डेसिबल! उरलं काय? वर लिव्हर फॅटी असेल तर आणखी धूसर. आणि गाठीचा पोत लिव्हरसारखाच निघाला तर तो आमचा साबुदाणा.

सीटीचं गणित वेगळं. सर्जननी ते सांगितलं, पण मोठे बाबांना समजलं ते बाबांनी शेतावर आणून सांगितलं तेव्हा. आमच्याकडे पेंचच्या कालव्याचं पाणी येतं, कोणाची विहीरही असते. समजा एका बांधीला दोन्हीकडून पाणी आहे. लिव्हरचं सुमारे पाऊण रक्त पोर्टल व्हेनमधून, आतड्यांकडून येतं. हा कालवा. उरलेलं पाव हेपॅटिक आर्टरीतून, ही विहीर. आतड्यातला कॅन्सर बहुतेक वेळा आधी लिव्हरमध्येच जातो तो यामुळे : वरच्या शेतातलं तण कालव्याच्या पाण्यानं खालच्या बांधीत येतं. पण गाठ एकदा रुजली की ती मुख्यतः विहिरीच्या पाण्यावर वाढते. आता शिरेतून डाय दिला की साधारण ६० ते ७० सेकंदांनी तो कालव्यानं लिव्हरभर पसरतो. त्या क्षणाला फोटो काढला तर सगळी बांधी रंगलेली आणि गाठ तेवढी काळसर. लवकर काढला तर रंग पोचलेलाच नाही, उशिरा काढला तर फरक पुसत जातो. डाय न देता काढलेला सीटी म्हणजे रंग न टाकता पाणी बघणं. मोठे बाबा सगळं ऐकून म्हणाले, ‘‘म्हणजे पानी कवा सोडलं तेबी लिहून पायजे रिपोर्टात.’’ अगदी बरोबर!

सीटीत एक गाठ दिसल्यावर सर्जननी लिव्हरसाठीच्या खास इंजेक्शनसह एमआरआय सांगितला. इथे घरात भांडण झालं. दादा म्हणाला, ‘‘एक दिसली ना? मग काढा. हे लोक टेस्टवर टेस्ट लावून राहिले, पैसे काढून राहिले.’’ खरं सांगू, मलाही तसंच वाटलं. आपल्याकडे डॉक्टरांनी दुसरी टेस्ट सांगितली की पहिला संशय कमिशनचाच येतो, आणि तो संशय नेहमीच खोटा असतो असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री मी होस्टेलच्या नेटवर बसून वाचलं. (इंग्रजीचा काहीतरी उपयोग व्हायला हवा होता.)

२०१० मध्ये ‘रेडिओलॉजी’ या जर्नलमध्ये डच संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला होता. आतड्यातून लिव्हरमध्ये गेलेल्या, १ सेंटीमीटरपेक्षा लहान गाठींपैकी सीटीला सुमारे ४७ टक्के दिसल्या, एमआरआयला सुमारे ६०. म्हणजे लहान गाठींच्या बाबतीत सीटी म्हणजे जवळपास नाणेफेक! अलीकडचा, २०२४ चा, ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेला युरोपातला अभ्यास तर आमच्या भांडणाचंच उत्तर होता. सीटी बघून ऑपरेशनचा बेत ठरलेल्या २९८ रुग्णांचा लिव्हर एमआरआय केला. ९२ जणांचा, म्हणजे ३१ टक्क्यांचा, बेत बदलावा लागला. कोणाचं ऑपरेशन वाढलं, कोणाचं कमी झालं, काहींचं रद्दही झालं. दादाला मी हा आकडा वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘‘म्हणजे दर तीन माणसांत एक.’’ आणि उठून पैशाच्या व्यवस्थेला लागला.

या एमआरआयची युक्ती मला फार आवडली. इंजेक्शनमधलं गॅडोलिनियमचं औषध लिव्हरच्या जिवंत पेशी स्वतःच पिऊन घेतात, सुमारे निम्मं. वीस मिनिटं थांबायचं. निरोगी लिव्हर पांढरं चमकतं. कॅन्सरची गाठ आतड्याहून आलेली पाहुणी, तिच्यात लिव्हरच्या पेशीच नाहीत, म्हणून ती पीत नाही; पांढऱ्या चादरीवर काळं भोक दिसतं. मोठे बाबांच्या चादरीवर तीन भोकं होती. १८, ९ आणि ६ मिमी.

होस्टेलमध्ये हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘‘मग थेट पेट स्कॅनच का नाही केला? तो सगळ्यात भारी ना?’’ महाग म्हणजे भारी, हे आपलं मोबाईलचं लॉजिक. पेट स्कॅन म्हणजे किरणोत्सर्गी साखर देऊन कोणती पेशी जास्त खाते ते बघणं. भारतातला पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये मुंबईला परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. त्या साखरेतल्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटं, म्हणून साखर बनवणारा सायक्लोट्रॉनही तिथेच बसवावा लागला. आता नागपुरातही पेट-सीटी होतो. लिव्हरच्या बाहेर कुठे पसरलंय का हे बघायला तो चांगलाच आहे. पण ५-६ मिमीच्या गाठीला त्याच्या चित्रात पुरेसे ठिपकेच मिळत नाहीत. कॅनडातल्या अभ्यासात (२०१४, ‘जामा’) लिव्हरचं ऑपरेशन ठरलेल्या रुग्णांचा पेट-सीटी केला, तेव्हा शंभरातल्या साधारण आठ जणांचाच बेत बदलला. म्हणजे प्रश्न कोणतं मशीन मोठं हा नाहीच. कोणता प्रश्न विचारायला कोणतं मशीन, हा आहे.

मोठे बाबांना आधी केमो दिली. चार वेळा. केस फार गेले नाहीत पण जेवण गेलं. तांदळाच्या गावात राहून त्यांना भाताचा वास सहन होईना. मग परत सीटी, आणि घरात दिवाळीच : ६ मिमीवाली गाठ गायब! सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी मी म्हटलं, ‘‘दिसत नाहीये.’’ मोठीआईला राग आला. ‘‘असं काहून बोलतं व माय, गेली म्हण ना!’’

नाही म्हटलं. कारण तोपर्यंत मी फ्रान्समधला २००६ चा अभ्यास वाचला होता. केमोनंतर सीटीवरून पुसल्या गेलेल्या ६६ गाठींचा त्यांनी पाठलाग केला. त्यातल्या ५५ जागी कॅन्सर एकतर शिल्लक निघाला किंवा लवकरच परत उगवला. ८३ टक्के! केमोनं गाठ आक्रसते, शिवाय केमोमुळे लिव्हर फॅटी होऊन स्वतःच काळसर पडू शकतं, मग काळ्यावर काळं कसं दिसणार? कुठून तरी हा लेख वाचणाऱ्या ज्युनिअरच्या घरी अशी वेळ आलीच, तर एवढं लक्षात ठेवा, केमोच्या आधीचा एमआरआय जपून ठेवा. त्याच्याशिवाय नंतर कुठे शोधायचं हेच कळत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी जे झालं त्यासाठी मी हा लेख लिहितेय. आतड्याचा आणि लिव्हरचा भाग एकाच ऑपरेशनमध्ये काढायचा होता. पोट उघडल्यावर सर्जननी लिव्हर आधी हातानं चाचपलं. मोठ्या दोन गाठी लागल्या, तिसरी नाही. मग निर्जंतुक पिशवीत घातलेला लहानसा अल्ट्रासाउंड प्रोब थेट लिव्हरवर ठेवला. इथे बाबांचं सगळं गणित परत येतं : आता मध्ये चरबी नाही, बरगडी नाही, वायू नाही. जायचंय काही सेंटीमीटरच. म्हणून ७.५ मेगाहर्ट्झ परवडतं, तरंगलांबी ०.२ मिमी. वर शीर कुठून जाते तेही दिसतं, म्हणजे कापायचं कुठून आणि वाचवायचं काय ते तिथल्या तिथे ठरतं. जपानमध्ये मासातोशी माकुउची या सर्जननं १९८० च्या आसपास लिव्हरच्या ऑपरेशनमध्ये ही पद्धत रुजवली. नवीन असं यात काही नाही. सर्जननी समोर केमोआधीचा एमआरआय लावला होता. त्या जागी प्रोब फिरवल्यावर एक अंधुक, तांदळाच्या दाण्याएवढी खूण मिळाली. ती काढली. दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला : त्या दाण्यात जिवंत कॅन्सरच्या पेशी होत्या.

सीटीनं ती गेली म्हटलं होतं. बोटांना ती लागली नव्हती. एमआरआयनं जागा सांगितली आणि प्रोबनं पकडली. एकट्यानं कोणीच केलं नसतं.

आजकाल दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तर सर्जनची बोटंसुद्धा आत जात नाहीत, चाचपणं संपलं. तिथे लांब दांड्याचा प्रोब तर हवाच हवा. दुसरी एक पद्धत आहे, आयसीजी नावाच्या हिरव्या रंगाची. मूळचा कोडॅकच्या प्रयोगशाळेतला! ऑपरेशनच्या आधी शिरेतून देतात, लिव्हर तो पित्तातून बाहेर टाकतं, पण गाठीनं दाबलेल्या कडेच्या पेशींत तो अडकून राहतो. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात गाठीभोवती चमकणारी कडी दिसते. दिसायला इतकं सुंदर, की आमच्या इमेज प्रोसेसिंगच्या प्रॅक्टिकलला हेच चित्र द्यायला हवं. पण तो प्रकाश सेंटीमीटरभराच्या खाली पोचत नाही. वरवरच्या गाठीसाठी रंग, खोलवरच्यासाठी आवाज.

माझं मत असं : जिथे लिव्हरमधली कॅन्सरची गाठ काढण्याचं ऑपरेशन होतं, तिथे ऑपरेशन थिएटरमध्ये अल्ट्रासाउंड प्रोब असणं ही चैन नव्हे, ती किमान अट आहे. ज्या साधनाचा जन्म बॉयलरच्या कारखान्यात झाला ते अब्जावधीचं नक्कीच नाही. तरी सगळीकडे ते नसतं. मी दोन-तीन डॉक्टरांना विचारलं. कोणी म्हणालं, सर्जनला प्रोब फिरवायला शिकवतच नाहीत, ते रेडिओलॉजीचं काम. कोणी म्हणालं, रेडिओलॉजिस्टला थिएटरमध्ये तासभर कोण सोडणार. एकानं सांगितलं, प्रत्येक सोनोग्राफी मशीनची गर्भलिंगनिदान कायद्याखाली नोंदणी, कागदपत्रं, तपासणी. कटकट नको म्हणून घेतच नाहीत. या शेवटच्या कारणावर मला बोलायचंय. असा कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, आपल्या महाराष्ट्रानं केला, १९९४ मध्ये तो केंद्रानं केला, आणि तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुलीच होत्या. मी मुलगी आहे. त्या कायद्याला मी कटकट म्हणणार नाही. चार फॉर्म भरायचा कंटाळा आणि एका माणसाच्या लिव्हरमधला तांदळाचा दाणा, यातलं काय जड ते ज्यानं त्यानं ठरवावं.

दुसरं मत रिपोर्टबद्दल. कॅन्सरच्या पेशंटच्या लिव्हरचा रिपोर्ट बाबांच्या रिपोर्टसारखा का नसावा? कोणता प्रोब, काय अडचण आली (वायू, चरबी, पेशंटला श्वास रोखता आला नाही), डाय दिला का, कितव्या सेकंदाचे फोटो. सीटी-एमआरआयच्या चांगल्या रिपोर्टमध्ये हे वर छापलेलं असतंच, पण आपण ते वाचत नाही. आपण जर्नलमध्येसुद्धा प्रोसीजर कॉपी करून थेट रिझल्टवर उडी मारणारी माणसं. सोनोग्राफीच्या एका पानात तर ते बहुधा नसतंच. कोणी म्हणेल पेशंट घाबरतील. मोठे बाबा घाबरले नाहीत. खोटा दिलासा मिळाला तेव्हा मात्र त्यांनी पाच आठवडे धान कापलं. सर्जन मला म्हणाले, ती गाठ सोनोग्राफीच्या दिवशीही असणारच आणि त्या पाच आठवड्यांनी फार बिघडलं असं नाही. ते चांगले आहेत म्हणून तसं म्हणाले असतील, असंही मला वाटतं.

तिसरं आपल्याच पोटापाण्याचं. हा सगळा लेख इंजिनिअरिंगचा आहे हे एव्हाना लक्षात आलंच असेल. सीटीसाठी १९७९ चं नोबेल मिळालेला हाउन्सफिल्ड ईएमआय कंपनीतला इंजिनिअर होता. आपल्याकडे एमआरआयची यंत्रं वर्षानुवर्षं बाहेरूनच येत राहिली. पण बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्सनं १.५ टेस्लाचं, द्रव हेलियमशिवाय चालणारं यंत्र बनवलं, आणि २०२५ मध्ये ते बसलं कुठे? चंद्रपूरला, कॅन्सर केअर फाउंडेशनकडे! आपल्या विदर्भात. कॅम्पस इंटरव्ह्यूला येणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची नावं आपल्याला झोपेत पाठ असतात. हे नाव आमच्या वर्गात मी विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं. बायोमेडिकलचं इलेक्टिव्ह यंदा सहा जणांनी घेतलं. त्यात मी एक, आणि एक मित्र चुकून.

मोठे बाबांचा ऑपरेशननंतरचा पहिला स्कॅन जूनमध्ये झाला. बरं झालं असं अजून कोणी म्हणत नाही. दर काही महिन्यांनी रक्ताची सीईए तपासणी आणि स्कॅन चालूच राहणार. रिपोर्ट आला तेव्हा मी सुट्टीत घरीच होते. ओसरीवर सगळे बसले. मी सवयीनं पान उलटून शेवटच्या ओळीकडे गेले.

‘‘वरून वाच,’’ मोठे बाबा म्हणाले.

मग मी वरून वाचलं. डाय किती दिला, किती सेकंदांनी, किती मिमीच्या चकत्या. मागच्या कोणत्या तारखेच्या स्कॅनशी ताडून पाहिलं. बाबा मध्ये मध्ये मान हलवत होते, आपल्या साइटवरचा रिपोर्ट ऐकावा तसे. शेवटी ती ओळ आली.

‘‘म्हणजे दिसलं नाही,’’ मोठे बाबा म्हणाले.

‘‘नाही दिसलं.’’

‘‘बरं. पुढची तारीख दिवाळीच्या आधीची घेजो.’’ मग दादाकडे वळून म्हणाले, ‘‘पऱ्हे तयार आहेत का रे? या आठवड्यात रोवणी लावून टाकू.’’